ट्रॅक्टरची बॅटरी

चौसष्टचा वैशाख. गावात वीज अजून यायची होती. प्रकाशा गावच्या थांब्यावर सकाळच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. रात्री नात्यातल्या लग्नाला गेले होते; तिथली हळद दोघांच्या कपाळावर तशीच.

“ट्रॅक्टर लगीनघर पडी ऱ्हायना. आते मामासले काय सांगशात?” बायकोनं सासऱ्यांचं नाव काढलं.

“सांगसू, बॅटरी उतरी गई.”

“आपोआप उतरी का? तुम्हीनच काढीसन त्या विजेना बँजोवालासले दिधी.”

“मंग काय करू? तुन्हं गाणं अर्धामा, नि त्यासनी बॅटरी मरी गई. भोंगा मुका व्हयना. तू माईकफुडे तशीच उभी.”

“लोके हसतात, दुसरं काय.”

“म्हनीसनच दिधी.”

“मामा म्हनतीन, सूनना गाणाकरता आजनी नांगरटी बुडाई.”

“म्हनू दे.”

“मी गाता गाता तुमलेच धुंडी ऱ्हायंती. कुठे व्हतात?”

“मांडवना मांगे. वायर ढिल्ली व्हती, ती हातमा धरीसन बसेल व्हतू. गाणं पुरं ऐकं. तू कशी दिसत व्हती, ते मातर ऱ्हाई गयं.”

तिनं डोक्यावरचा पदर जरासा मागं सारला.

“मंग आते दखा. एसटीले टाईम शे. नि मामासले मी सांगसू, तुम्हीन गप ऱ्हावा.”