न चिरलेली दांडी

—पण तुमचा कॉम्प्युटर इथे येऊन धातू ओततो का मॅडम? नाही ना! ओततो मी. मग त्याने तिकडे एसीत बसून सांगायचं की हे ॲल्युमिनियम थिजताना चिरणार, आणि तुमच्या स्कूटर कंपनीने आमचे ब्रेकचे सगळे लिव्हर अडवून धरायचे—हा कुठला न्याय? बसा, बसा. स्टूल हलतं, भिंतीला टेकवून बसा. हा बघा चाचणीचा साचा. चार दांड्या, आखूड ते लांब, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना गाठ. धातू थिजताना आकसतो, गाठी त्याला आकसू देत नाहीत, मग तो अर्धाकच्चा असतानाच मधे फाटतो. लांब दांडी सगळ्यात आधी. आता ही आजची लांब दांडी घ्या हातात—घ्या हो, गार आहे! दिसतेय चीर? भिंग लावून बघा. नाहीच दिसणार. महिनाभर एक दांडी चिरलेली नाही, तरी तुमचं आपलं पालुपद चालूच—कॉम्प्युटर म्हणतो, कॉम्प्युटर म्हणतो.

तांबं जास्त पडलंय म्हणून चिरतं म्हणता? अहो, तुम्हालाच हवं होतं ते, लिव्हर मजबूत व्हावा म्हणून! आम्ही कानीकपाळी ओरडत होतो, सिलिकॉन वाढवू, धातू पातळ वाहतो, फटी भरून काढतो. तेव्हा ऐकलं नाहीत. आता मालक माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतोय. मालक म्हणजे माझा मेहुणाच, बायकोचा धाकटा भाऊ—म्हणजे इथे त्याच्या शिव्या खायच्या आणि घरी गेलो की तिचं फुगलेलं तोंड बघायचं. माल पास म्हणून तुमची सही नाही झाली तर भट्टी विझणार, आणि खापर कोणाच्या डोक्यावर? माझ्याच!

काय? साचा गरम का? भट्टीच्या झाकणावर ठेवतो ना. ओल जायला हवी, नाहीतर धातू अंगावर उडतो. किती वेळ म्हणजे... सकाळपासून असतो तिथेच. ओल तशी लगेच जाते हो, पण साचा चांगला तापला की धातू सावकाश थिजतो, ओढ कमी बसते—गार साच्यात ओतलं तर चिरणारच ना! लिव्हरचे साचे? ते... ते जेवणाच्या सुट्टीत गार होतात. मग पहिले काही नग चिरलेले निघतात, ते बाजूला काढतो आम्ही. म्हणजे—चीर दिसली तर.

असं बघू नका हो माझ्याकडे. मी काय, जो तो हेच करतो. मेहुण्याला विचारा, कॉम्प्युटरला विचारा! जळलं मेलं ते! पोरीने तुमचीच स्कूटर हवी म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, दोन दिवस जेवली नाही, पण मी काय वेडा आहे? सरळ दुसऱ्या कंपनीची घेऊन दिली तिला, म्हटलं रडलीस तरी चालेल—

रंग. तुमच्या गाडीचा रंग आवडला नव्हता मला.

...

ठेवा ती दांडी खाली. नका करू सही. जा मॅडम—जा म्हणतो ना.