शुक्रवारचा माइक

माझ्या नातीचा, माहीनचा निकाह झाला ते २०२४ साल. त्या ऑक्टोबरात कुवेतला रिग्गईच्या दवाखान्यात दोघे कोकणी माझ्या बाजूला नंबरची वाट बघत होते. एक आमच्या गावच्या लोकांच्या इथल्या जमातीचा, म्हणजे मंडळाचा, अध्यक्ष सर्फराज, दुसरा त्याचा मित्र कमाल.

"कमालभाई, अमेरिकेत जुन्या विचाराचा माणूस कॉलेजात बोलायला उभा राहिला, की पोरं ओरडून त्याला खाली बसवतात. आणि म्हणे मोकळ्या मनाची!"

"वाईटच."

"इंग्लंडात मोबाइलवर काही लिहिलं, तर दारात पोलीस! अरे, पटत नाही तर उत्तर द्या ना. तोंड कशाला दाबता?"

"माइक पण बंद करत असतील?"

"करतात की!"

"तू जमातीच्या मिटिंगला तौफीकचाचांचा केलास तसा?"

"ते वेगळं. दर मिटिंगला त्यांचं तेच, गावची उर्दू शाळा बंद करू नका."

"म्हणजे तुला पटत नाही ते."

"पाऊण तास बोलतात रे!"

"महिनाअखेर कायमचे गावी चाललेत. ह्या शुक्रवारची मिटिंग त्यांची शेवटची."

"तू कुणाच्या बाजूचा?"

"तुझ्याच. तोंड कशाला दाबता, हे आत्ता कोण म्हणालं?"

"बरं बाबा. माइक मी स्वतः त्यांच्या हातात देतो. पण उत्तरही देणार."

"दे की. फक्त जोरात दे, चाचांना कमी ऐकू येतं."

तौफीक माझ्याच खोलीत राहायचा. त्या शुक्रवारी तो पन्नास मिनिटं बोलला, आणि घरी येऊन सर्फराजचं उत्तर त्याने मला दोनदा ऐकवलं. १४ जानेवारी २०२५ला तौफीक गावी वारला.