नटाचा खोकला

हुगळीकाठच्या क्षयाच्या दवाखान्यात माझ्यापुढे, बंद पडलेल्या तागाच्या गिरणीचे दोन कामगार रांगेत उभे होते.

“निमाईदा, मालकबाबूंच्या सिनेमाला बक्षीस मिळालं म्हणे!”

“मिळणारच. कवींना पोसतात, गाण्याच्या मैफली भरवतात, आणि सिनेमा काढला तो आपल्याच गिरणीवर.”

“तुम्ही होतात ना त्यात?”

“मी कुठला! माझा खोकला होता. मरणाऱ्या कामगाराचं काम करणाऱ्या नटाला काही केल्या तसा खोकता येईना. मग माझा रेकॉर्ड करून त्याच्या तोंडी घातला.”

“मालकबाबूंनी ऐकला?”

“पहिल्या खेळाला ढसाढसा रडले. म्हणाले, इतका खरा खोकला कुणाचा? नट उठला आणि त्यांच्या पाया पडला.”

“आणि तुम्ही मूग गिळून बसलात?”

“बसतोय कुठे! दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. खोकतो म्हणून आत सोडलं नव्हतं.”