बाळंतिणीचा भात

नाही जी, भूक लागली असेल पोरीला, मला समजत नाही का? पण डॉक्टरीणबाईनं मना केलं — माझं दूध पाजायचंच नाही. गाईचं द्या म्हणे, चमच्यानं. मी जवळ गेली की पोरगी वासानंच माझ्याकडे तोंड वळवते, पदर चाचपते, म्हणून नर्सबाईनं मला इथं वॉर्डाबाहेर बाकावर आणून बसवलं. हा पदर ओला दिसून राहिला ना — पाणी नाही ते, दीदी. काय करू? थांबते का ते?

जया नाव ठेवलं तिचं. चांगली गुटगुटीत होती — आता डॉक्टरीणबाई म्हणते, ती सूज होती. आधी दूध ओकायला लागली, मग आवाज बसला. तोंड वासते, निळी पडते, डोळ्यांतून पाणी, अन् आवाज काहीच नाही. तुम्ही पाहिलं कधी असं? मी पाहिलं. हिच्या आधी मुलगा होता मला, श्रीकांत. तो असाच गेला, मांडीवर, दूध पितापिता. सारे म्हणाले, नजर लागली. मीही तेच म्हटलं. अन् शेवटपर्यंत पाजत राहिली मी त्याला — जाऊ द्या. जाऊ द्या ते.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "कुंदाबाई, क्या खाती हो?" म्हटलं, भात. अजून? तूप. वरण नाही, बाळंतिणीला वातूळ, भाजीही नाही. तिनं कपाळाला हात लावला. म्हणे, गिरणीत तांदूळ इतका घासतात की कोंड्यासोबत त्यातलं व्हिटामिन निघून जाते, राहिलंसाहिलं धुण्यात अन् ओतून टाकलेल्या मांडात — पाण्यात विरघळते ना ते. अंगातही फार टिकत नाही, रोज पाहिजे. तुझ्यातच नाही तर दुधात कुठून येईल? बेरीबेरी म्हणतात म्हणे या दुखण्याला.

सासूबाई वाईट नाहीत हो. उलट! गढ्याला राहतो आम्ही, तर त्या माझ्यासाठी लांब सिहोऱ्याच्या गिरणीतून वेगळा तांदूळ मागवतात, पांढराशुभ्र, धुऊन धुऊन शिजवतात, मांड म्हशीला टाकतात. स्वतः ज्वारीची भाकर अन् डाळ. चांगलं ते सुनेला! डॉक्टरीणबाईनं समजावलं त्यांना, तर हसल्या — "मी नाही काय खाल्ला बाळंतपणी भात? माझी लेकरं जगली." तेव्हा घरी उखळात कांडत होते, कोंडा राहत होता, एवढंही म्हणायची हिंमत नाही झाली मला. यांना म्हटलं, तुम्ही बोला, तर म्हणतात, मायला दुखवू काय? अन् गेले कारखान्यात. लढाई सुरू आहे ना, तिचाच माल बनते तिथं, सुट्टी नाही भेटत.

सकाळी त्याच व्हिटामिनची सुई टोचली पोरीला. नखं गुलाबी होऊन राहिली आता. वाचेल म्हणे. वाचेल — पण घरी नेल्यावर? अच्छा, माझी चप्पल तिकडे राहिली काय? पाहा, पायातून गेली अन् मला समजलंच नाही. तळपाय आहेत की नाहीत, ठाऊक होत नाही. पिंढऱ्यांत कळ येते, बसली की उठता येत नाही — नाही, नाही सांगितलं कोणाला. डॉक्टरीणबाईलाही नाही. काहून काय? पोरगी मरणातून उठून राहिली, अन् मी स्वतःचं घेऊन बसू? तुम्हीही नका सांगू. शपथ आहे तुम्हाला.

अरे — आल्या सासूबाई. इतक्या उन्हात, डबा घेऊन. चलो, तुम्ही जा आता आत, तुमच्या आजारी माणसाकडे. नाही दीदी, काही बोलू नका त्यांना. जा ना — आली, आई! हो, गरमच आहे भात. खाते. सगळा खाते.