उतरताना खायचे लाडू

अलास्कातल्या अँकरेज विमानतळावर, चेक-इनच्या रांगेत पुढे मराठी ऐकू आलं, तशी चैत्राली हसून बोलायला सरसावली आणि तिथेच थांबली.

"सत्यजित, ऋषीने माझे लाडू खाल्ले होते का रे?"

"नाही, काकू. डेनाली शिखराच्या वरच्या कॅम्पला ओझं नको म्हणून गाइडने डबा वाटेतच बर्फात पुरायला लावला. ऋषी म्हणाला, आईचे लाडू उतरताना खाऊ."

"मग?"

"दुसऱ्याच दिवशी हिमकडा कोसळला. उतरताना मी एकट्यानेच डबा उकरला. हा घ्या."

"मरायलाच गेला होता कार्टा," काकूंच्या शेजारी उभे असलेले काका पुटपुटले.

"असं बोलू नका हो. उतरताना खाणार होता तो."

काकूंनी डबा उघडला.

"सत्यजित, घे एक."

"नको ना, काकू."

"खा रे. तू उतरलास ना?"