ठरावाखालची सही

वकिलाच्या ऑफिसबाहेर नंबर लावून बसलेल्या नर्सबाईंच्या कानावर, ऐकायचं नाही म्हटलं तरी, शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं.

“बाबा, मेंटेनन्स थकला आठ हजार आणि सोसायटी वकिलाची फी लावते एकवीस हजार? नाकापेक्षा मोती जड!”

“नियमच आहे तसा. ज्याचं थकलं त्यानेच वकिलाचे पैसे भरायचे.”

“मग नियमालाच हरकत घेऊ. ठरावाची प्रत आणलीय मी. कुणी मांडला हा?”

“खाली सही बघ.”

“बाबा, ही तुमची आहे.”

“तेव्हा मी सेक्रेटरी होतो. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंचं थकलं होतं. हप्ते पाडून मागत होत्या.”

“मग?”

“म्हटलं, झेपत नसेल तर घर विका.”

“आणि?”

“विकलं त्यांनी.”