आजींना ऐकू येत होतं

ड्रायव्हर: आभार मानायलाच बोलावलं असणार, दुसरं काय. आधीच सांगून ठेवतो, या वेळची भेटवस्तू माझी. गेल्या वेळचं भिंतीवरचं घड्याळ तू घेऊन गेलीस.

सिस्टर: ते बंद होतं, दादा.

ड्रायव्हर: चालू असतं तर दिलं असतं का त्या पेशंटनं? पण तुझा चेहरा असा का? सकाळपासून बघतोय. ऑक्सिजन लावू?

सिस्टर: तुला हे घर आठवतं?

ड्रायव्हर: दिवसाला आठ-आठ घरांत अँब्युलन्स जाते, बाई. जिना आठवतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वळणावर कुणाची तरी सायकल. माझी कंबर तिथेच राहिली, अजून घरी आलेली नाही.

सिस्टर: दीड महिना झाला. एकट्या राहणाऱ्या आजी. स्वयंपाकघराच्या दारात पडल्या होत्या, आदल्या संध्याकाळपासून. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. मुलगी सकाळी फोन करकरून थकली, आणि येऊन बघते तर हे असं.

ड्रायव्हर: हां, त्या. वाचल्या? मला नव्हतं वाटलं.

सिस्टर: वाचल्या. बोलायलाही लागल्यात. मुलीनं काल ऑफिसात फोन केला होता. साहेबांना म्हणाली, तक्रार नाही, पण त्या दिवशी आलेल्या दोघांना आई भेटायचं म्हणतेय. आईनं त्या दिवशी काहीतरी ऐकलंय म्हणे.

ड्रायव्हर: काय ऐकलंय?

सिस्टर: तू काय बोलला होतास?

ड्रायव्हर: मी नेहमीच काहीतरी बोलत असतो.

सिस्टर: तेच म्हणतेय मी. चल वर. दहा मिनिटं मागून घेतलीयत कंट्रोल रूमकडून.

(दार उघडायला वेळ लागला. आतून काठीचा आणि घासत येणाऱ्या पायाचा आवाज येत राहिला, आणि सिस्टरला उगाच वाटलं, की आपण गणवेश घालून यायला नको होतं. आजींनी दार उघडलं. केस चापूनचोपून बांधलेले, साडी कडक इस्त्रीची, उजवा हात मांडीशी लोंबणारा.)

आजी: या. आत या. बूट... राहू द्या पायात.

सिस्टर: नको आजी, काढतो. तुम्ही बसा. एकट्याच आहात?

आजी: मुलगी कामाला. पाचला येते. बसा. मी हळू बोलते. शब्द... वेळेवर येत नाहीत. घाई करू नका.

ड्रायव्हर: अगदी निवांत बोला, आजी. छान दिसताय. त्या दिवशी जिन्यावरून तुम्हाला उतरवताना मी म्हटलंच होतं, या परत स्वतःच्या पायांनी चढणार.

आजी: नाही. असं... नव्हतं म्हटलं.

ड्रायव्हर: नव्हतं?

आजी: तू दारातून आत आलास. नाकाला रुमाल लावलास. आणि म्हणालास, "खिडकी उघडा रे कुणीतरी. या वासानं पेशंटच्या आधी मीच जायचा." मग इकडेतिकडे बघितलंस. म्हणालास, "जन्मात फडकं फिरलेलं दिसत नाही या घरात."

ड्रायव्हर: मी असं...

आजी: माझं तोंड बंद होतं. कान... चालू होते.

ड्रायव्हर: आजी, देवाशपथ सांगतो, मला आठवत नाही.

सिस्टर: दादा, बोलला होतास तू.

ड्रायव्हर: मी नाही म्हणत नाहीये. बोललो असणार. आठवत नाही, तेच तर... म्हणजे मी किती घरांत असं बोललो असेन.

आजी: उठा आता. दोघं उठा. घर बघा.

सिस्टर: आजी, बघायची काही गरज नाही हो.

आजी: मला आहे. चार दिवस पुसतेय. डाव्या हातानं. हे स्वयंपाकघर. ही... काय म्हणतात... पायाखाली असते ती...

सिस्टर: लादी.

आजी: लादी. इथं पडले होते मी. बारा-चौदा तास. म्हातारं माणूस. उलटी झाली. साडी ओली झाली, एकदा नाही, तीनदा. सरकता येईना. तो वास माझा होता. घराचा नव्हता. वास घे.

ड्रायव्हर: आजी...

आजी: घे. त्या दिवशी घेतलास ना.

ड्रायव्हर: साबणाचा येतोय. नुसता साबणाचा.

आजी: मी कुठे कामाला होते, ठाऊक आहे? मोठ्या दवाखान्यात. कपडे धुतात तिथं. एकतीस वर्षं. शेवटी बारा बायका माझ्या हाताखाली. तुमच्या गाड्यांतल्या चादरी आमच्याकडे यायच्या. कशा यायच्या, ते तुम्हाला सांगायला नको. एखादी नवी पोरगी नाक मुरडायची. मी तिला म्हणायची, हे ज्याचं आहे त्याला आत्ता आपल्यापेक्षा जास्त लाज वाटत असेल. गुपचूप धू.

सिस्टर: आम्हाला माफ करा, आजी.

आजी: थांब. त्यासाठी नाही बोलावलं. काम आहे. समोरचं दार दिसतं? तिथं एक बाई राहते. वीस वर्षं रोज सकाळी माझ्याकडे चहाला यायची. तिच्या घरची किल्ली माझ्याकडे, माझी तिच्याकडे. त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा ती दारात उभी होती. तिनं ऐकलं, तू बोललास ते. मी दवाखान्यातून आले, तेव्हापासून... उंबऱ्यावरूनच विचारते. बरं आहे ना? आणि जाते. आत पाऊल टाकत नाही.

ड्रायव्हर: माझ्यामुळे.

आजी: जा. तिला सांग.

ड्रायव्हर: काय सांगू?

आजी: तू बोलणारा आहेस. सुचेल.

ड्रायव्हर: सिस्टर, तू येतेस बरोबर?

सिस्टर: तोंड तुझं होतं, दादा. तूच जा.

आजी: गेला?

सिस्टर: गेला. बेल वाजवली. केस सारखे करतोय. आजी, तो मनानं वाईट नाही हो. आठ वर्षं एकत्र काम करतोय आम्ही. मागच्या महिन्यात एका आजोबांना दवाखान्यात सोडलं, त्यांचा चष्मा घरी राहिला होता, तर ड्यूटी संपल्यावर स्वतःच्या स्कूटरवरून जाऊन घेऊन आला. फक्त जिभेला लगाम नाही. मी त्याला नेहमी सांगते.

आजी: त्या दिवशी सांगितलंस?

सिस्टर: त्या दिवशी... नाही.

आजी: तू हसलीस.

सिस्टर: मी?

आजी: तू माझ्याजवळ गुडघ्यावर बसली होतीस. हाताला सुई लावत होतीस. हात हलला तुझा. हसताना.

सिस्टर: हो.

आजी: त्याचं मला एवढं नाही लागलं. पुरुषमाणूस, दारात उभा राहून बोलला. पण तू माझी साडी बघितलीस. नीट केलीस, पायांवर ओढलीस. मला वाटलं, हिला कळलं. आणि मग हसलीस.

सिस्टर: आजी, काल निरोप आल्यापासून मी एकच विचार करतेय, दादाला कसं सांगायचं. तो कसा तोंड दाखवणार. माझं मला सुचलंच नाही. खरं सांगू? सुचलं होतं. जिन्यात सुचलं. म्हटलं, तेवढं त्यांना कुठे आठवत असेल.

आजी: आठवतं.

सिस्टर: का हसले, ते सांगता येणार नाही मला. दमले होते, असं म्हणेन, पण दमलेली तर रोजच असते.

आजी: नको सांगूस. रडूही नकोस. मला डाव्या हातानं पाणी द्यायला वेळ लागतो.

सिस्टर: नाही रडत. दादा आला बघा. काय झालं रे? एवढा पांढरा का पडलास?

ड्रायव्हर: बसू का जरा?

आजी: बस. सांगितलंस?

ड्रायव्हर: सांगितलं. म्हटलं, बाई, मी अँब्युलन्सचा ड्रायव्हर. त्या दिवशी इथं उभा राहून घाणेरडं बोललो. या घरात वास नव्हता, घाण माझ्या तोंडात होती. आजी आजारी पडल्या होत्या, बस. मी एवढं बोललो आणि त्या रडायलाच लागल्या.

आजी: का?

ड्रायव्हर: म्हणाल्या, कसला वास? तुमचं बोलणं माझ्या कानात शिरलंसुद्धा नाही. मी दुसऱ्याच धक्क्यात होते. आजी, त्या म्हणाल्या... सांगू ना?

आजी: सांग.

ड्रायव्हर: आदल्या संध्याकाळी त्यांना तुमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवर ठोकल्याचा आवाज येत होता. टक, टक, असा. त्यांना वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी खिळे ठोकतंय. कंटाळल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी आम्ही तुम्हाला उचललं, तेव्हा त्यांना कळलं, तो आवाज कशाचा होता ते. तेव्हापासून तुमच्यासमोर यायची हिंमत होत नाही म्हणाल्या. किल्ली होती माझ्याकडे, किल्ली होती, एवढंच परत परत म्हणत होत्या.

आजी: वाटी होती. हाताशी वाटी आली होती. त्या वाटीनं ठोकत होते.

सिस्टर: आजी, पाणी देऊ?

आजी: टीव्ही मोठा झाला, तो ऐकला मी. मला वाटलं, तिला ऐकू कमी येतंय. म्हातारी झाली. मग मी... जोरात ठोकलं.

ड्रायव्हर: मी त्यांना म्हटलं, या, आत येऊन बोला. नको म्हणाल्या. तोंड दाखवायची लाज वाटते.

आजी: तुम्हाला वाटली ना?

ड्रायव्हर: वाटतेय.

आजी: तरी आलात ना. दोन जिने... तीन जिने चढून. काठी दे माझी.

सिस्टर: कुठे निघालात?

आजी: समोर.

सिस्टर: हात धरते, थांबा.

आजी: नको. सहा पावलं आहेत. आणि तुमचं ते वाजतंय.

ड्रायव्हर: वायरलेस आहे. कॉल आलाय, सिस्टर. बाजाराच्या मागे, कुणीतरी चक्कर येऊन पडलंय.

सिस्टर: निघायला लागेल, आजी. आम्ही परत येऊ? म्हणजे, आलेलं चालेल?

आजी: या. पण माफ... तो शब्द अजून येत नाही मला. डॉक्टर म्हणतात, काही शब्द उशिरा येतात. आला की कळवते.

ड्रायव्हर: सायकल बघ, वळणावर आहे. आणि अशी धावू नकोस, तूच पडशील. काय म्हणाल्या तुला, मी गेल्यावर?

सिस्टर: माझं हसू जास्त लागलं म्हणाल्या. तुझ्या बोलण्यापेक्षा.

ड्रायव्हर: तू हसली होतीस?

सिस्टर: तुला तेही आठवत नाही.

ड्रायव्हर: तू हसतेसच, त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय? मी बोलतो कशासाठी मग? आपण काय काय बघतो दिवसभर. तू हसलीस की मला वाटतं, चला, पुढच्या घरी जाता येईल.

सिस्टर: ठाऊक आहे. मलाही तेच वाटतं. म्हणून तर तुला कधी थांबवलं नाही. बेल्ट लाव.

ड्रायव्हर: आता काय करायचं? तोंडाला पट्टी बांधू?

सिस्टर: पेशंट उतरवून, चादर बदलून, गाडीत आपण दोघंच उरलो की बोल. काय बोलायचं ते बोल.

ड्रायव्हर: आणि तोवर?

सिस्टर: तोवर मी आत गेले की आधी खिडकी उघडेन. काही न बोलता.

ड्रायव्हर: मी उघडतो. तू पेशंट बघ.